पडद्याचे रंग आणि कामगाराची नजर



आपल्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात यंत्रावरच्या एका पोराला संगणकाच्या पडद्यावरील तांबडी खूण हिरवीच वाटली. माल बिघडला आणि निष्काळजीपणाचा मेमो हातात पडला. पोरगा निष्काळजी नव्हता. हे दोन रंग त्याला जन्मतःच वेगळे दिसत नव्हते. रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टनची नजर अशीच होती. त्याने १७९४ साली तिच्यावर निबंध वाचला; त्याला कोणी मेमो दिला नाही!

आम्ही व्यवस्थापकांकडे गेलो. मागणी पैशांची नव्हती. विंडोजमध्ये २०१७ पासून रंग बदलून दाखविणारी गाळणी आहे, ती चालू करा. आणि तांबड्या खुणेशेजारी ‘थांबा’ असे लिहा. अक्षर फिके नको. अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान ४.५ : १ असावे, असा वेबपानांसाठीचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.

व्यवस्थापक म्हणाले, “पडदा पिवळसर करतो, डोळ्यांना आराम पडेल.” आम्ही म्हटले, साहेब, पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. त्याला रंग काय करणार? सुट्टी द्या.

मेमो मागे घेतला गेला. दर दोन तासांच्या दहा मिनिटांवर बोलणी अजून चालू आहेत.