अ‍ॅनिमेशन शिकायचंय? आधी हे पाहा

बारावीचा निकाल लागला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या अनेक घरांत विचारलं जातं: अ‍ॅनिमेशन शिकायचंय, प्रवेश कुठे घ्यावा?

त्याआधी हलती चित्रं कशी घडतात ते समजून घ्या. सिनेमाच्या पडद्यावर सहसा एका सेकंदात 24 चित्रं सरकतात. दहा सेकंदांना 240. उसळता चेंडू काढून पाहा. खाली येताना तो किंचित लांबतो, जमिनीवर आपटताच चपटा होतो. हे डोळ्याला आणि हाताला उमगलं, की सॉफ्टवेअर नंतर शिकता येतं. म्हणून आधी रेखाटनाची वही भरा.

आता वाटा पाहू. मुंबईत सीएसएमटी स्टेशनला उतरलं की चालत जाण्याच्या अंतरावर सर जे. जे. उपयोजित कला संस्था आहे. तिथे चित्रकलेचा आणि मांडणीचा पाया पक्का होतो. पवईच्या आयआयटीत 1969 पासून आयडीसी ही डिझाइन शिकवणारी संस्था आहे. तिथल्या पदवीसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती कला, वाणिज्य, विज्ञान अशा सर्व शाखांना खुली आहे. पदवीनंतर सीड ही प्रवेश परीक्षा देऊन तिथेच अ‍ॅनिमेशनमध्ये एम.डेस. ही पदव्युत्तर पदवी घेता येते.

स्टेशनजवळच्या खासगी क्लासमध्ये जाणार असाल, तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. विद्यापीठाची पदवी मिळते की नुसतं प्रमाणपत्र? शिकवणाऱ्यांनी स्टुडिओत काम केलंय का? जुन्या विद्यार्थ्यांची शोरील, म्हणजे निवडक कामाची चित्रफीत, पाहायला मिळेल का? फी परत मिळण्याचे नियम लेखी घ्या.

पालकांनो, जाहिरातीवर विसंबू नका. मुलाची वही उघडून पाहा आणि मगच निर्णय घ्या.