निरोपाआधीचे हसू



कियोहिको अझुमा यांच्या चित्रकथेवरून २००२ साली निघालेली ‘अझुमांगा दाइओ’ ही जपानी चित्रमालिका नातीच्या आग्रहाने पाहिली. सहा मैत्रिणी, दहावी ते बारावीची तीन वर्षे. कथानक जवळजवळ नाहीच. पु. लं.च्या ‘बिगरी ते मॅट्रिक’मध्ये आपण मास्तरांना हसतो, येथे वर्गशिक्षिकाच सर्वांत पोरकट! (जन्मभर शिकविलेल्या मला हे किंचित झोंबले.) परंतु खरे आकर्षण निराळे आहे. तिकडे मार्चमध्ये शाळेचा निरोप ठरलेला. प्रत्येक थट्टेमागे ती तारीख उभी असते. गुलबर्ग्याच्या मराठी शाळेला ती चांगली ठाऊक आहे. दहावीनंतर कोणी कन्नडकडे वळतो, कोणी इंग्रजीकडे, कोणी सोलापूर-पुण्याकडे. वर्गातल्या मराठी थट्टेला पुन्हा तेच श्रोते लाभत नाहीत.