अपंगांचा रोजगार आणि आपले कर्तव्य

(भीमजयंतीनिमित्त भरलेल्या वार्षिक संमेलनात समाजकल्याण उपसमितीच्या वतीने केलेले भाषण)



जयंतीच्या व्यासपीठावरून आपण दरवर्षी समाजाच्या प्रगतीचा आढावा घेतो. ब्रिटनमध्ये येऊन स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांतून डॉक्टर, अभियंते, परिचारिका, हिशेबनीस आणि व्यावसायिक निर्माण झाले. ज्यांच्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर मज्जाव होता, त्यांची नातवंडे येथील विद्यापीठांतून पदव्या घेत आहेत. याचा आपणां सर्वांस सार्थ अभिमान आहे. परंतु या आढाव्यात ज्यांचा उल्लेख क्वचितच होतो, अशीही माणसे आपल्याच घरांत आहेत. कोणाला दिसत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोणी चाकांच्या खुर्चीवर आहे, कोणाची आकलनाची गती मंद आहे, तर कोणी मनाच्या आजाराशी झुंजत आहे. शाळा आहे तोवर त्यांची व्यवस्था लागलेली असते. शाळा संपली की दिवस घराच्या चार भिंतींत जातो आणि आईवडिलांच्या मनात एकच प्रश्न उरतो : आमच्या माघारी याचे कसे होणार?

या प्रश्नाचे उत्तर रोजगारात आहे, अशी आमची धारणा आहे. त्या रोजगाराची वाट मोकळी करणे हे फुले-शाहू-आंबेडकरांचा वारसा सांगणाऱ्या समाजाचे कर्तव्य आहे.

भारतात २०१५ सालापासून 'अपंग' या शब्दाऐवजी 'दिव्यांग' हा शब्द शासकीय व्यवहारात रूढ होत गेला. भावना चांगली असेलही. परंतु गोड नाव दिल्याने दुःख संपत नाही, हे 'हरिजन' या शब्दाचा अनुभव घेतलेल्या आपल्या समाजाइतके कोणास ठाऊक असणार? नाव कोणतेही असो, हाताला काम आणि कामाला दाम मिळाला पाहिजे.

प्रथम आपल्याच मनातील एक जळमट दूर केले पाहिजे. घरात अपंग मूल जन्मले की 'मागच्या जन्मीचे भोग' हे शब्द आजही कानी पडतात. 'भावंडांच्या लग्नाला अडचण येईल' म्हणून त्याला समारंभात आणले जात नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत स्पष्टपणे नाकारला. असा सिद्धांत मान्य केला की दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी झटकण्यास समाजाला आणि राज्यसंस्थेला आयतीच सबब मिळते, हे त्यांनी ओळखले होते. २२ प्रतिज्ञांची दीक्षा घेतलेल्या घरात हा सिद्धांत मागच्या दाराने परत येता कामा नये.

तथागतांनी चुल्लपंथकाला दिलेली वागणूक या संदर्भात स्मरणीय आहे. त्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून त्याच्या सख्ख्या वडीलभावाने त्याला विहारातून निघून जाण्यास सांगितले. तथागतांनी त्याला परत घेतले, हाती एक स्वच्छ वस्त्र दिले आणि ते चोळत राहण्याचे साधे काम सांगितले. वस्त्र मळत गेले आणि त्यातून अनित्यता जाणून तो अर्हत्पदास पोहोचला. त्याला जमेल अशी रीत शिकवणाऱ्याने शोधली, हा या कथेचा बोध आहे. येथील कायदा आज ज्याला 'वाजवी फेरबदल' म्हणतो, त्याचे याहून सुंदर उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आता या देशाचा अनुभव पाहू. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांचा प्रश्न उभा राहिला तेव्हा १९४४ साली ब्रिटिश संसदेने अपंगांच्या रोजगाराचा कायदा केला. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाने शेकडा ३ जागा अपंगांना द्याव्यात, असे त्यात होते. कायदा चांगला होता, अंमलबजावणी मात्र दुबळी राहिली. कोटा न पाळणारे मालक असंख्य आणि खटले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके! याच कायद्याखाली १९४६ साली दोन कामे अपंगांसाठी राखून ठेवण्यात आली : लिफ्ट चालवणे आणि वाहनतळावर राखण करणे. हेतू मदतीचा होता. पण कोणाची पात्रता कोणत्या कामापुरती, हे माणसाकडे न पाहता आधीच ठरवून टाकलेले होते. जातिव्यवस्थेने कामांबरोबर कामगारांनाही कप्प्यांत कोंडले, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'वरील आपल्या भाषणात दाखवून दिले होते. जन्माने ठरलेले काम आपण नाकारले. शरीराने ठरवलेले कामही आपण नाकारले पाहिजे.

१९९५ च्या अपंगत्व भेदभावविरोधी कायद्याने कोटा रद्द केला आणि भेदभावाला बंदी घातली. आज इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये २०१० चा समता कायदा लागू आहे. दैनंदिन व्यवहारावर लक्षणीय परिणाम करणारी आणि वर्षभर किंवा अधिक काळ टिकणारी शारीरिक वा मानसिक बाधा त्याच्या कक्षेत येते. मालकाने वाजवी फेरबदल करणे बंधनकारक आहे. नोकरी देऊ करण्यापूर्वी उमेदवाराला प्रकृतीविषयी सरसकट प्रश्न विचारण्यास मनाई आहे. तरीही चित्र समाधानकारक नाही. काम करण्याच्या वयाच्या अपंगांपैकी निम्म्याहून थोडे अधिक लोकच नोकरीत आहेत. अपंगत्व नसलेल्यांत हेच प्रमाण पाचांत चार आहे. इंग्लंडमध्ये नगरपालिकेची दीर्घकालीन मदत घेणाऱ्या बौद्धिक अपंग प्रौढांत तर पगारी नोकरी शंभरांत पाचांच्या आसपास लोकांनाच आहे.

ज्या सोयी आहेत, त्या आपल्या घरांपर्यंत पोहोचत नाहीत. 'ॲक्सेस टू वर्क' ही सरकारी योजना १९९४ पासून चालू आहे. विशेष उपकरणे, कामावर साहाय्यक, खुणांच्या भाषेचा दुभाषी, सार्वजनिक वाहनाने जाता येत नसेल तर टॅक्सीचा खर्च यांसाठी तीतून अनुदान मिळते. ते परत करावे लागत नाही. अर्जांच्या निर्णयास अलीकडे महिनोन्महिने लागतात, म्हणून नोकरी ठरताच अर्ज करणे शहाणपणाचे. 'नोकरी लागली तर भत्ता बंद होईल' या भीतीने अनेक पालक मुलांना घरी ठेवतात. वस्तुतः 'पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट' हा भत्ता उत्पन्नावर अवलंबून नाही. नोकरी करणाऱ्यासही तो मिळू शकतो. उत्पन्नावर अवलंबून असणाऱ्या इतर भत्त्यांवर मात्र परिणाम होतो. तसेच ज्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधी घेण्यास बंदी आहे, त्यांना हा भत्ताही लागू नाही. यास्तव प्रत्येक कुटुंबाने आपली स्थिती नीट तपासून घ्यावी.

आता आपण काय करावे? आम्ही चार गोष्टी सुचवितो.

पहिली : आपल्यापैकी अनेकांची दुकाने, औषधालये, हिशेबाची कार्यालये, वृद्धांची शुश्रूषागृहे आहेत. प्रत्येक व्यावसायिकाने आपल्याकडील कामांची यादी करून पाहावी. गल्ल्यामागे बसण्यास उंच खुर्ची, गर्दी नसलेल्या वेळेची पाळी, चित्रांसह लिहिलेला कामाचा क्रम, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी संगणकप्रणाली एवढ्यानेही वाट मोकळी होते. ज्याला मुलाखतीत बोलणे जमत नाही, त्याला दोन दिवस प्रत्यक्ष काम करून दाखवू द्यावे.

दुसरी : वेतन पूर्ण द्यावे. 'आपल्याच घरचा आहे, वेळ जातो त्याचा' असे म्हणून हातखर्चावर राबवून घेणे म्हणजे वेठबिगारीच होय. या देशातील किमान वेतनाचा कायदा अपंग कामगाराला इतरांइतकाच लागू आहे. भारतात किमान वेतनाचे विधेयक १९४६ साली केंद्रीय विधिमंडळात मांडणारे मजूरमंत्री बाबासाहेबच होते, हे आपण कसे विसरू?

तिसरी : संस्थेने अर्ज भरण्यास आणि मुलाखतीस सोबत जाण्यास तयार असलेल्या स्वयंसेवकांचे पथक उभारावे. आपल्यात नोकरभरतीचे काम करणारे, कायदा जाणणारे, समाजसेवा विभागांत काम करणारे लोक आहेत. त्यांच्या ज्ञानाचा उपयोग इथे व्हावा. आणि यापुढे उतार नसलेल्या, वर चढण्यास केवळ जिना असलेल्या सभागृहात आपली जयंती होऊ नये.

चौथी : मायदेशातील नातलगांची आठवण ठेवावी. भारताच्या २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले असून सरकारी नोकऱ्यांत किमान शेकडा ४ जागा राखीव आहेत. त्यासाठी किमान शेकडा ४० अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि ते वेळेवर न काढल्याने गावाकडच्या अनेकांची संधी हुकते. आपण घरी पैसे पाठवतोच; त्याच फोनवर 'प्रमाणपत्र काढले का?' एवढे अवश्य विचारावे.

बंधू-भगिनींनो, भारतीय संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात काम, शिक्षण आणि बेकारी, वार्धक्य, आजारपण व विकलांगता यांत साहाय्य मिळण्याचा हक्क यांचा एकत्र उल्लेख आहे. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेला स्थान आहे. ती आजीविका माणसाला मिळूच न देणारी व्यवस्था धम्माला मान्य असणार नाही. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत यशस्वी विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांशेजारी पहिला पगार घरी आणणाऱ्या आपल्या अपंग मुलामुलींचीही छायाचित्रे छापण्याचा योग यावा. त्यासाठी आपल्यातील पाच व्यावसायिकांनी आज, या सभागृहातून बाहेर पडण्यापूर्वी, आमच्या उपसमितीकडे आपले नाव नोंदवावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जय भीम!