राजा विलायतेत, हुकूम कोल्हापुरात

पेरण्या उरकल्या असतील, भांगलणी चालू असतील. हातातलं काम चालू ठेवा आणि कान इकडे द्या.

आपल्या सातारा-सांगली भागाला परदेशाचं आता फार नवल राहिलेलं नाही. खानापूर, आटपाडीकडची गलाई व्यवसायातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या कामानं कुठल्या कुठं पोचली. कुणाचा लेक दुबईला आहे, कुणाची नात शिकायला लंडनला. सत्तरीतली आजीसुद्धा पासपोर्ट काढून नातवंडं बघायला जाते. ती परत आली की बायका ओसरीवर जमतात आणि दोन प्रश्न ठरलेले असतात. काय काय बघितलं? आणि आमच्यासाठी काय आणलं?

हेच दोन प्रश्न आज आपण एका जुन्या प्रवाशाला विचारू. हा प्रवासी म्हणजे कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज. कोल्हापूर काही आपल्याला परकं नाही. साताऱ्याची गादी आणि कोल्हापूरची गादी, दोन्ही शिवछत्रपतींच्या घराण्याच्या. कोल्हापूरची गादी उभी केली ती महाराणी ताराबाईंनी, म्हणजे कराडजवळच्या तळबीडच्या मोहित्यांच्या लेकीनं. तेव्हा ही गोष्ट आपल्या घरचीच आहे.

साल १९०२. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया आदल्या वर्षी वारली होती आणि तिचा मुलगा सातवा एडवर्ड राजा झाला होता. त्याच्या राज्यारोहणाच्या सोहळ्याला हिंदुस्थानातल्या संस्थानिकांना आमंत्रणं गेली. तारीख ठरली २६ जून. योगायोग असा की २६ जून हा शाहू महाराजांचा वाढदिवस. त्या दिवशी त्यांना अठ्ठाविसावं वर्ष पूर्ण होणार होतं.

त्या काळी समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडाला, असं मानणारे पुष्कळ लोक होते. जयपूरचे महाराज माधोसिंह याच सोहळ्याला निघाले, तेव्हा त्यांनी चांदीचे प्रचंड रांजण भरून गंगाजल बोटीवर चढवलं. एकेक रांजण सुमारे ३४५ किलो चांदीचा. ते रांजण आजही जयपूरच्या राजवाड्यात बघायला मिळतात.

शाहू महाराजांच्या घराण्याला तर या वाटेनं एक दुःखही दिलं होतं. त्यांच्या आधीचे एक छत्रपती, राजाराम महाराज, १८७० साली विलायतेला गेले होते. राणी व्हिक्टोरियाला भेटले, शाळा-कारखाने बघितले, रोज वही लिहिली. पण परतीच्या वाटेवर इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात ३० नोव्हेंबरला त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. तिथल्या लोकांना माणसाला अग्नी देणं माहीत नव्हतं. खास परवानगी काढून आर्नो नदीच्या काठी त्यांचं दहन झालं. पुढं त्या जागी छत्री बांधली गेली. शेजारच्या पुलाला तिथले लोक आजही ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. शाहू महाराज १९०२ च्या प्रवासात त्या छत्रीच्या दर्शनाला गेले. राजघराण्याचा प्रवास असला, तरी परमुलखात गेलेल्या आपल्या माणसाच्या समाधीपुढं उभं राहायचं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

महाराज लंडनला पोचले. शहर सजलं होतं. देशोदेशीचे पाहुणे जमले होते. आणि सोहळा दोन दिवसांवर आला असताना, २४ जूनला, राजाच्या पोटाचं ऑपरेशन करावं लागलं. अपेंडिक्सचा आजार. त्या काळात त्यानं माणसं दगावत. सोहळा पुढं ढकलला. मेजवानीसाठी शिजवलेलं पुष्कळ अन्न लंडनमधल्या गोरगरिबांना वाटून टाकलं. बरेच परदेशी पाहुणे आपापल्या देशी परत गेले. राजा बरा झाला आणि ९ ऑगस्टला एकदाचा सोहळा पार पडला.

म्हणजे जून संपला, जुलै सगळा वाट बघण्यात गेला. आता ऐका, त्या जुलैमध्ये इकडं कोल्हापुरात काय झालं ते.

२६ जुलै १९०२. महाराज विलायतेतच होते आणि करवीर संस्थानाच्या गॅझेटात त्यांचा एक हुकूम छापून आला. संस्थानच्या नोकरीत यापुढं ज्या जागा रिकाम्या होतील, त्यांतल्या निदान निम्म्या, म्हणजे शंभरातल्या पन्नास, मागासलेल्या वर्गातल्या लोकांतून भराव्यात. आज आपण ज्याला आरक्षण म्हणतो, त्याची आपल्या देशातली ही अगदी सुरुवातीची पायरी.

हा हुकूम का काढावा लागला? १८९४ साली महाराजांनी कारभार हाती घेतला, तेव्हा संस्थानात ७१ अधिकारी होते. त्यांतले ६० एकाच जातीचे. बाकी सगळा समाज मिळून ११. शेतकरी, कुणबी, धनगर, महार, मांग, चांभार, मुसलमान, सगळे सारा भरत होते, पण कचेरीत त्यांचं माणूस नव्हतं. नुसत्या नोकऱ्या ठेवून भागणार नाही, शिकलेली मुलं लागतील, हेही महाराजांना कळत होतं. म्हणून आदल्याच वर्षी, १९०१ साली, कोल्हापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं निघायला लागली होती.

या हुकमावर टीका झाली. त्याचीच एक गोष्ट आपल्या सांगलीची म्हणून सांगतात. सांगलीचे वकील गणपतराव अभ्यंकर महाराजांना म्हणाले, जात बघून सवलत देऊ नये, लायकी बघून द्यावी. महाराज त्यांना घोड्यांच्या पागेत घेऊन गेले. एरवी प्रत्येक घोड्याच्या तोंडाला त्याचा त्याचा तोबरा बांधून हरभरा देत. त्या दिवशी महाराजांनी सगळा हरभरा एका जाजमावर पसरायला लावला आणि घोडी मोकळी सोडली. दांडगी घोडी धावली, लाथा झाडत चणे खाऊ लागली. अशक्त घोडी, शिंगरं लांबच उभी राहिली. महाराजांनी विचारलं, आता सांगा, या दुबळ्यांना आम्ही वेगळा तोबरा बांधतो, ते चुकतं का?

ही तोबऱ्याची गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे. पण हुकमातली आणखी एक ओळ आहे, ती कमी लोक सांगतात. आज आम्हाला तीच तुमच्यापुढं ठेवायची आहे. हुकमात असं लिहिलं होतं की, प्रत्येक खात्याच्या प्रमुखानं या हुकमानंतर झालेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सरकारात पाठवावा.

बघा बरं का मैत्रिणींनो. राजा हजारो कोस लांब. आज परत येईल की उद्या, ठावं नाही. अशा वेळी कागदावरचा हुकूम पाटीखाली झाकून ठेवायला कितीसा वेळ लागतो? ‘योग्य माणूस मिळाला नाही’ म्हटलं की झालं. पण दर तीन महिन्यांनी तक्ता द्यायचा म्हटल्यावर लपवायला जागा उरत नाही. तोबरा बांधणं हे एक काम. त्यात हरभरा पडला का, हे बघणं हे दुसरं. महाराजांनी दोन्ही एकाच कागदात बांधली.

आता त्या ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं. महाराजांनी काय बघितलं? राजाचा सोहळा बघितला. रोमचं जुनं गोल मैदान बघितलं, त्यावरून कोल्हापूरचं खासबाग मैदान सुचलं, असं कोल्हापूरकर सांगतात. आपली पोरं तिथं कुस्ती खेळतात. आणि काय आणलं? मोठी गोष्ट त्यांनी आणली नाही, ती आधीच घरी पोचती केली होती.

त्या हुकमामागच्या विचाराची सावली आपल्या जिल्ह्यांवरही पडली. १९१७ साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोर शाळेत पाठवलं नाही तर महिन्याला एक रुपया दंड. कोल्हापुरात शिकलेले, महाराजांच्या सहवासात आलेले भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं आणि त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. तिथं मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. हुकूम राजाचा असला, तरी तो चुलीपर्यंत पोचवणारी एक बाईच होती.

आज आपल्यासाठीही जागा राखलेल्या आहेत. १९९३ पासून पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ साली महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. शंभरातल्या पन्नास. तोच आकडा. पण किती गावांत सरपंच वहिनी आणि खुर्चीवर बसणारे भाऊजी, असं चित्र आहे? वहिनींची सही लागते, वहिनींचं मत लागत नाही. राखीव जागेवर बाई निवडून आली की आपण गुलाल उधळतो आणि घरी जातो. पुढचा तक्ता कोण मागतं?

तो आपण मागायचा. बचत गटात आपण दर महिन्याला पै-पैचा हिशेब लिहितो. कुणी किती भरले, कुणी किती उचलले, सगळं वहीत. हीच सवय पंचायतीत न्यायची. ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते, तसा कायदा आहे. तिथं दर वेळी चार गोष्टी विचारा. गेल्या बैठकीला बाई सदस्य स्वतः किती हजर होत्या? त्यांनी मांडलेले विषय इतिवृत्तात लिहिले का? बायका-मुलांसाठीचा पैसा किती आला, किती खर्च झाला? मागच्या ठरावाचं काय झालं? उत्तरं गटाच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. तीन महिन्यांनी तेच पान उघडा आणि पुन्हा विचारा.

आणि ज्या वहिनी, ज्या आक्का आज सदस्य आहेत, सरपंच आहेत, त्यांना आमचं एवढंच सांगणं. कागद वाचल्याशिवाय सही करू नका. वाचता येत नसेल तर लेकीकडून, सुनेकडून वाचून घ्या. त्यात लाज कसली? गट तुमच्या पाठीशी उभा आहे, पण खुर्चीत तुम्हीच बसायला हवं.

येत्या बैठकीत ही चर्चा जरूर करा. ज्या गटानं तक्ता लिहायला घेतला, त्यांनी आम्हाला कळवा. पुढच्या भागात तुमच्याच तोंडून ऐकू. तोवर रामराम.