गोल बागेभोवतीचा रस्ता
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



गोल बागेभोवतीच्या रस्त्याचं क्षेत्रफळ आठवतं? मोठ्या वर्तुळातून लहान वर्तुळ वजा. "याचा उपयोग काय?" असं मी बाईंना विचारलं होतं. आज माझं पोट त्याच गणितावर चालतं.

मानेतल्या धमनीच्या एमआरआय चित्रांवरून भिंतीत साचलेला थर मोजणारं सॉफ्टवेअर मी लिहिते. बाग म्हणजे रक्ताची वाट, रस्ता म्हणजे धमनीची भिंत. या तपासणीत वाहतं रक्त मुद्दाम काळं दिसू देतात, म्हणजे भिंत उठून दिसते. थर साचू लागला की धमनी आधी बाहेरच्या बाजूला फुगते. आतली वाट बराच काळ तेवढीच राहते. ग्लागॉव्ह यांनी १९८७ मध्ये हृदयाच्या धमन्यांत हे दाखवलं. वाट मोकळी, तरी भिंत आजारी असू शकते!

आतली त्रिज्या ३ मिलिमीटर, भिंत १ मिलिमीटर धरा. क्षेत्रफळ २२ चौरस मिलिमीटर. बाहेरची रेघ अर्धा मिलिमीटर, म्हणजे चित्रातला जेमतेम एक ठिपका सरकली, की तेच ३५!

एकदा माझ्या प्रोग्रॅमने शेजारचा स्नायूही भिंतीत धरला. रुग्णाचा आजार वाढल्याचा आकडा आला. डॉक्टरांनी चित्र उघडून पाहिलं म्हणून निभावलं. तेव्हापासून रेघ काढलेलं चित्र सोबत असल्याशिवाय आमचा आकडा पुढे जात नाही.

बाई, आकृतीशिवाय उत्तराला तुम्ही गुण देत नव्हतात. तेव्हा मी वाद घातला होता. आज माफी मागते.