विटा मोजून बांधलेलं स्टेशन

मॉडेल रेल्वेचं इंजिन, डबे, रूळ सगळं विकत मिळतं, मग आपल्याकडची स्टेशनं कुठे मिळतात, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. उत्तर सोपं आहे. जवळजवळ मिळतच नाहीत. किटमध्ये बहुतेक जर्मन नाहीतर अमेरिकन घरं असतात. ती मूर्तिजापूरला कशी शोभणार? म्हणून आज स्क्रॅच-बिल्डिंग, म्हणजे किट न घेता कच्च्या मालातून इमारत उभी करणं.

मी सध्या शकुंतला एक्सप्रेसच्या लाइनवरचं एक छोटं स्टेशन बनवतोय. मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळ, दुसरीकडे अचलपूर. वऱ्हाडातल्या कापसासाठी टाकलेली अडीच फुटी लाइन, म्हणजे ७६२ मिमी. एचओ स्केल असतं १:८७. भागून बघा, ८.७६ येतात. आणि एन गेजचा तयार रूळ असतो ९ मिमीचा! रुळाचा प्रश्न तिथेच मिटला.

राहिली इमारत. नकाशा हाताशी नाही, शिडीही नाही. मग उंची कशी मोजायची? विटांवरून. प्लास्टर उडालं होतं, ते माझ्या पथ्यावरच पडलं. हाताला येणारे दहा थर टेपने मोजले: ८० सेंटिमीटर. अगदी समोर उभं राहून भिंतीचा फोटो काढला आणि घरी झूम करून थर मोजले. ४५ भरले. म्हणजे ३.६ मीटर, मॉडेलमध्ये साधारण ४१ मिमी. तिरका फोटो मात्र या कामाला उपयोगाचा नाही.

भिंतीला ५ मिमीचा सनबोर्ड घेतलाय. त्याची ८७ पट म्हणजे ४३.५ सेंटिमीटर, जुन्या जाड भिंतीएवढे. दारा-खिडक्यांच्या खोबणीत ही जाडी दिसते. पातळ पुठ्ठा लावला की इमारत खोक्यासारखी वाटते. चौकटींना जुन्या लग्नपत्रिका (त्या घरोघरी असतातच). छताच्या पन्हाळी पत्र्याला जाड फॉइल, खाली वर्तमानपत्राची घडी, आणि संपलेल्या रिफिलने पट्टी धरून जवळजवळ रेघा. आवारात खरी काळी माती, चहाच्या गाळणीतून चाळलेली, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलवर भुरभुरवायची.

एवढा खटाटोप कशाला? ही गाडी काही वर्षांपासून बंद आहे. ब्रॉडगेजची मागणी आहे आणि ती पुरी व्हायलाच हवी. तिथल्या माणसांना गाडी हवीये, माझं मॉडेल नव्हे. पण नवी लाइन आली की जुनं स्टेशन राहीलच असं नाही. मग त्या खिडकीचं माप कुणाला विचारणार?

कारंजा, दारव्हा, यवतमाळकडचं कुणी ऐकत असेल, तर एक काम करा. गावच्या स्टेशनचा फोटो समोरून काढा, आणि भिंतीला टेकवून एक मीटरची काठी उभी ठेवा. चारही बाजूंनी. मागची बाजू कुणीच काढत नाही हो!