गोमेचे शेवटचे पाय

मृगाच्या चार सरी झाल्या की मला गोमांचे फोटो यायला लागतात. परवा वेताळ टेकडीवर रोज फिरायला जाणाऱ्या एका ताईंनी असाच एक पाठवला. दगडाच्या कडेला जवळजवळ वीतभर गोम. डोकं तांबूस, पाठ काळपट हिरवी, तिच्यावर निळसर झाक आणि पाय हळदीसारखे पिवळे. सोबत निरोप : ‘सर, असा रंग जन्मात पाहिला नाही. नवी जात असेल का?’ मी उलट विचारलं, ‘ताई, शेवटचे पाय नीट दिसतील असा फोटो आहे का?’ नव्हता. आज मिळालेला वेळ मी या एका प्रश्नावरच घालवणार आहे.

घरातल्या जाणत्या बाईच्या हातात एखादी साडी द्या. ही इरकल की नारायणपेठी, हे ती रंग बघून सांगत नाही. घडी उलटते, काठ चिमटीत धरते, पदर पसरते. इरकलीचा टोपी-तेणीचा पदर दिसला की तिचं काम झालं. अंजिरी रंग इरकलीत मिळतो, नारायणपेठीतही मिळतो. आणि योगायोग पाहा, इरकलीच्या एका काठाचं नावच ‘गोमी’ आहे. गोमेचंही अगदी तसंच. अंगाचा रंग हा साडीचा रंग. जात सांगतो तो काठ आणि पदर, आणि गोमेचा पदर म्हणजे तिची शेवटची पायजोडी.

हे पाय चालायचे नाहीत. मागे लांब पसरलेले असतात. भक्ष्य धरायला, शत्रूला अडवायला कामी येतात. त्यांच्या मांडीवर बारीक काटे असतात. किती, कुठल्या बाजूला, किती ओळींत, यावर तज्ज्ञांचा निकाल ठरतो. आपल्याकडे सापडणारी स्कोलोपेंड्रा मॉर्सिटान्स घ्या. लिनियसनं १७५८ साली तिला नाव दिलं, इतकी जुनी ओळख. पण रंग? कुठे पिवळट पाठीवर गडद आडव्या पट्ट्या, कुठे हिरवट, कुठे नुसती तपकिरी. पिल्लांचा रंग वेगळा, नुकती कात टाकलेलीचा आणखी वेगळा. मात्र मिशीचे मणी मोजले तर साधारण १७ ते २३ भरतात, आणि नराच्या शेवटच्या पायांची वरची बाजू चपटी असते. रंग बदलला तरी हे बदलत नाही.

दक्षिण भारतातली स्कोलोपेंड्रा हार्डविकी मात्र रंगानं डोळ्यांत भरते. एक पट्टी काळी, एक नारिंगी, वाघासारखी. न्यूपोर्टनं १८४४ साली तिचं वर्णन केलं. आणि खरी गोम इथेच आहे. ही एक जात रंगावरून ओळखू येते, म्हणून आपण सगळ्याच रंगावरून ओळखायला जातो. पट्टे दिसले की हार्डविकी, निळी झाक दिसली की नवी जात!

संग्रहालयात गोमा अल्कोहोलात ठेवतात. त्यात रंग उतरत जातो. धुऊन धुऊन विटलेली इरकल जशी. पण विटली तरी ती इरकलच असते ना, काठ-पदर जागेवर असतो! बी. एस. जांगी आणि सी. एम. एस. दास यांनी १९८४ साली दख्खनमधल्या स्कोलोपेंड्राच्या कुळावर निबंध लिहिला, तो काटे, दात, श्वासाची छिद्रं बघून. रायसिडा गटातल्या गोमांना सातव्या पायजोडीपाशीही श्वासछिद्र असतं, स्कोलोपेंड्राला नसतं. २०१८ साली जान्हवी जोशी आणि ग्रेगरी एजकोम्ब यांनी एथमोस्टिग्मस या गटात तीन नव्या जाती सांगितल्या, त्यातल्या एकीला तर सह्याद्रीचंच नाव आहे, सह्याद्रेन्सिस. म्हणजे नव्या जाती निघतात, जरूर निघतात. पण शरीराची ठेवण आणि डीएनए तपासून.

आता थोडं रागावतो. आपण काय करतो? चप्पल काढतो. पहिला फटका डोक्यावर, दुसरा शेपटीकडे. नेमकी जी दोन टोकं बघायची, त्यांचाच चेंदामेंदा. मग त्या लगद्याचा फोटो येतो, ‘कुठली जात?’ काय सांगू मी? काचेची रुंद तोंडाची बरणी पालथी घाला, खालून जाड पुठ्ठा सरकवा. हात लावू नका. पुढच्या विषारी नख्यांचा दंश फार दुखतो. बरणी सुलटी केली की काचेतून पोटाकडची बाजूही दिसते. डोकं वरून, सगळं अंग एकदा, आणि शेवटचे पाय जवळून. पुन्हा सांगतो, शेवटचे पाय, वरून आणि खालून. मग जिथून घेतली तिथेच सोडा.

जमलं तर पायांच्या जोड्याही मोजा. स्कोलोपेंड्राच्या २१ असतात. पूर्ण वाढलेल्या कुठल्याही गोमेच्या जोड्या विषमच, म्हणून शतपाद म्हटलं तरी बरोबर शंभर पाय कधीच भरत नाहीत. हे असं का, ते फार सुरेख आहे, पण समोरून खूण होते आहे, एकच मिनिट उरलंय.

तेवढ्यात हे ऐका. दगड उचललात आणि गोम वेटोळं घालून पिवळसर मण्यांसारखी अंडी कवटाळून बसलेली दिसली, तर बरणी नको, फोटोही नको. दगड होता तसा अलगद ठेवा. त्रास झाला तर ती अंडी सोडून जाते, कधी खाऊनही टाकते.

त्या ताई दुसऱ्या दिवशी बरणी घेऊन पुन्हा टेकडीवर गेल्या. त्याच दगडापाशी तशीच गोम मिळाली. काल रात्री फोटो आला, मांडीवरचे काटे एकेक मोजता येतील असा. मॉर्सिटान्स, नर.